विश्वासात शंका दाटून येते तेव्हा
शंका आली म्हणजे विश्वास संपला, असे समजून प्रार्थना सोडू नये. प्रथम ती शंका वहीत एका वाक्यात लिहावी आणि तो बुद्धीला पडलेला प्रश्न आहे की दुःखाने, थकव्याने आलेली पोकळी, हे ओळखावे. कारण प्रश्नाला अभ्यास लागतो, पोकळीला सोबत आणि विश्रांती. शब्द सुचत नसतील, तर बायबलमधील स्तोत्रसंहितेतले 88वे स्तोत्र मोठ्याने वाचावे. ते अंधारातच संपते, तरी देवाशीच बोलते. मंडळीपासून, म्हणजे चर्चमधल्या आपल्या विश्वासी समुदायापासून, मात्र दूर जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा येशूच्या पुनरुत्थानावर, म्हणजे तो मरणातून पुन्हा उठला यावर, विश्वास ठेवायला नकार देतो, तरीही आठ दिवसांनंतर थोमा बंद दारांआड बाकीच्या शिष्यांबरोबर असतो, आणि येशू त्याला तिथेच भेटतो. वही आपल्या भरवशाच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, दाखवावी.