गाडी लावायला जागा शोधताय? या चुका टाळा

पुण्यात बहुतेक चालक दुकानाचा पत्ता बघून निघतात, रस्ता बघत नाहीत. पण जागा मिळणार की नाही, हे रस्त्यावरच ठरतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक जंगली महाराज रस्त्यावर रोज दिसते. रस्ता एकेरी, डेक्कनकडे जाणारा. चालक थेट दुकानासमोर येतो आणि तिथून जागा शोधू लागतो. मागे सोडलेल्या मोकळ्या जागेकडे आता वळता येत नाही. मग डेक्कन, गुडलक चौक, उलट दिशेने एकेरी असलेला फर्ग्युसन रस्ता, आणि पुन्हा संचेती रुग्णालयाच्या बाजूने जंगली महाराज रस्त्यावर. एका फेरीला तीन किलोमीटरच्या वर रस्ता जातो, वर सिग्नल वेगळे. वळणंही बहुतेक उजवीकडची, म्हणजे थांबणं आलंच. एकेरी रस्त्यावर दुकानाच्या २००-३०० मीटर आधीच वेग कमी करा आणि नियमात बसणारी पहिली जागा घ्या. तेवढं अंतर चालायला चार मिनिटं पुरतात. ‘पुढे मिळेल’ या आशेवर जागा सोडणारे कोंडीत भरच घालतात.

दुसरी चूक, गाड्या हलतच नाहीत अशा रस्त्यावर वाट बघणं. औषधाचं दुकान किंवा बेकरीसमोरची गाडी दहा मिनिटांत निघते. लक्ष्मी रस्त्यावर साडी किंवा दागिने घ्यायला आलेलं कुटुंब दोन तास निघत नाही. तिथे घिरट्या घालू नका. मंडईतला मिसाळ किंवा नारायण पेठेतला हमालवाडा वाहनतळ गाठा. शुल्क वाचवायला अर्धा तास पेट्रोल जाळणं हा शुद्ध तोटा आहे. फुकट जागा भरलेलीच राहणार. म्हणून तर सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून मागणीनुसार रस्त्यावरच्या पार्किंगचे दर बदलायला सुरुवात केली.

रस्त्याकडेच्या पार्किंगच्या पाट्याही वाचा. पी-१ म्हणजे त्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ म्हणजे सम तारखेला. रात्रभर गाडी ठेवणार असाल तर उद्याची तारीख बघा.

चार मीटरच्या गाडीला समांतर लावायला साडेपाच मीटर तरी हवेत. दोन फाटकांमधला तुकडा लांबून पुरेसा वाटतो, पण गाडीचं नाक फाटकात जातं आणि रहिवासी अडकतात. असा तुकडा सोडून द्या.

इंडिकेटर लावून दुसऱ्या रांगेत थांबू नका, ‘दोनच मिनिटं’ असली तरी. अरुंद पेठेत तेवढ्याने मागची बस अडते.