मोहोराची फवारणी: आधी झाडाखालच्या माणसाचं बघा

हापूस आंब्याच्या कलमांना बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटले की रत्नागिरी, देवगडच्या बागांतून पंप सुरू होतात. मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा आणि भुरी हा बुरशीचा रोग, दोन्हींवरच्या फवारणीचं वेळापत्रक आपल्याला पाठ असतं. पण फवारणीची गन वर धरून जो झाडाखाली उभा असतो, त्याच्या अंगावर काय पडतं?

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20 जणांच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कपाशी माणसाच्या उंचीला आली होती, औषध थेट तोंडावर येत होतं. आपली हापूसची फवारणी तर कायमच डोक्यावरची. म्हणून रुंद काठाची टोपी आणि बंद चष्मा सगळ्यात आधी. मग पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, खांद्यावरून प्लास्टिक. तोंडाला नुसता रुमाल बांधू नका, भिजला की तो औषध नाकाशीच धरून ठेवतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी औषधं कातडीतूनही अंगात भिनतात.

औषध घेताना डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. निळ्या-हिरव्यात भागत असेल तर लाल-पिवळा बागेत आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजाऱ्याने मारलं म्हणून मारू नका, आधी मोहोर हलवून तुडतुडे किती उडतात ते बघा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक पाळा, दोन-तीन औषधं मनाने एकत्र करू नका. फुलोरा पूर्ण उमलला असेल तर थांबा, परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात.

फवारणी सकाळीच उरका. दुपारी खारा वारा सुटला की फवारा भलतीकडे जातो. राखणीच्या नेपाळी कामगारांना प्रमाण आणि धोका हिंदीत समोर बसवून सांगा, त्यांनाही टोपी-मोजे आपणच द्यायचे.

जांभ्यातून पाणी झटकन झिरपतं, तेव्हा पंप विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात (ओढ्यात) धुऊ नका. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोक पाडा.

घाम, लाळ, मळमळ, धूसर दिसणं, छातीत दाटणं यातलं काहीही जाणवलं की काम बंद. कपडे काढून साबणाने अंग धुवा, उलटी करायला लावू नका, आणि डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठा. औषध कुठलं ते कळलं तरच डॉक्टरांना नेमका उतारा देता येतो. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा नंबर 1800 116 117. तो आजच पंपाच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवा.