लिनक्सवर वायफाय दिसत नाही? ड्रायव्हर उतरवण्याआधी या चुका टाळा

दारव्हा-दिग्रसकडच्या एखाद्या गावात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफायच दिसलं नाही, तर पहिला हात मोबाईलकडे जातो. लॅपटॉपचं मॉडेल टाकून शोधायचं, जो ड्रायव्हर, म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम, सापडेल तो उतरवायचा. दिवसाचा डेटा यातच संपतो. मॉडेल तेच असलं तरी आतली चिप वेगळी असू शकते. यूएसबीला लावायच्या वायफाय डोंगलच्या बाबतीत तर हे सर्रास घडतं.

आधी चिप ओळखा. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड -एनएनके जोडून (lspci -nnk) चालवा; डोंगल असेल तर एलएसयूएसबी (lsusb). चिपचा आकडी आयडी मिळतो, तोच खरा. पहिल्या कमांडमध्ये कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आली (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), तर ड्रायव्हर लागलेला आहे, दोष दुसरीकडे आहे. मग आरएफकिल लिस्ट (rfkill list) ही कमांड चालवून पाहा. ‘हार्ड ब्लॉक्ड’समोर ‘येस’ असेल तर कीबोर्डवरचं वायफायचं बटण किंवा बाजूचा स्विच बंद आहे. अशा वेळी कुठलाही ड्रायव्हर टाकून उपयोग नाही.

ड्रायव्हर आहे, पण फर्मवेअर, म्हणजे खुद्द चिपमध्ये चढणारं सॉफ्टवेअर नाही, हेही नेहमीचं. डीमेसेज (dmesg) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींमध्ये फर्मवेअर सापडत नसल्याची ओळ दिसते. डेबियन या लिनक्सने 2023 च्या 12 व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर इन्स्टॉलेशनच्या इमेजमध्येच दिले, म्हणून जुनी पेनड्राइव्ह वापरत बसू नका.

नेटसाठी नेट लागतं, म्हणून लॅपटॉप तालुक्याला नेण्याची गरज नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्याचा ड्रायव्हर बहुतेक लिनक्समध्ये आधीच असतो. ब्रॉडकॉम कंपनीचं कार्ड आणि लिनक्स मिंट असेल तर इन्स्टॉलेशनची पेनड्राइव्ह लावूनच ड्रायव्हर मॅनेजर उघडा. ते पॅकेज त्यात असतं, डेटा लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कुठूनतरी सोर्स कोड आणून त्यातून ड्रायव्हर हाताने बनवणं, म्हणजे कंपाइल करणं. आज चालतो, पण कर्नल अपडेट झालं की वायफाय पुन्हा गायब, कारण मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा तो ड्रायव्हर, जुन्या कर्नलपुरतंच बनलेलं असतं. पर्यायच नसेल तर डीकेएमएसचं (कर्नल बदलला की मॉड्यूल पुन्हा बनवणारी सोय) पॅकेज घ्या आणि चालू कर्नलचे हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल्स, आधी टाका; नव्या कर्नलबरोबर त्याचेही हेडर्स आले, की त्याच्यासाठी ते आपोआप बनेल. तरीही मॉड्यूल चढत नसेल आणि ‘की वॉज रिजेक्टेड’ असं येत असेल, तर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं मॉड्यूल रोखणारी सुरक्षा, अडवतंय. मॉड्यूलची की नोंदवा, नाहीतर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा.

बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर लाईन जायच्या वेळेला अपडेट लावू नका. मध्येच बंद पडलाच, तर लॅपटॉप सुरू होताना येणाऱ्या ग्रब या मेनूच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा, त्यात वायफाय सहसा चालतं. मग अर्धवट राहिलेली पॅकेजेस डीपीकेजी (dpkg) या कमांडच्या ‘कॉन्फिगर’ पर्यायाने पूर्ण करा.