घरच्या टेबलावर हलव्याचे दागिने करताना

दिवाळीचे पाहुणे गेले की आमचं जेवायचं टेबल थेट जानेवारीपर्यंत माझं असतं, हलवा, सोनेरी मणी, जर, कात्री सगळं त्यावर पसरलेलं आणि घरचे ताटं घेऊन खाली बसतात. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं मी संक्रांतीचे हलव्याचे दागिने करतेय आणि दरवर्षी कुणीतरी फोन करून विचारतंच की ताई मला पण करायचंय, सुरुवात कशी करू. म्हणून एकदाच नीट लिहितेय.

आधी एक सांगते, लगेच पूर्ण सेट करायला घेऊ नका. मंगळसूत्र, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा, जावयाचा हार आणि नारळ, यादी वाढतच जाते आणि सगळंच करावंसं वाटतं. एक साधा हार घ्या आणि तोच चार-पाच वेळा करा.

हलवा मण्यासारखा ओवता येत नाही, सुई घातली की दाणा फुटतो. सासूबाईंनी मला दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ मारायला शिकवलं, दोरा काट्यांच्या मधल्या खाचेत बसला पाहिजे, काट्याच्या टोकावर राहिला तर दाणा निसटलाच म्हणून समजा. पहिल्या दिवशी वीतभर सर झाला तरी खूप झालं. मुकुट, बाजूबंद वगैरे कार्डशीटवर चिकटवायचे असतात, तिथे फेविकॉल चालतो पण अगदी पातळ, काडीने लावायचा, कारण त्यात पाणी असतं आणि थर जाड झाला की साखर खालून विरघळते. ग्लू गन मी फक्त लेस आणि मागच्या पुठ्ठ्याला वापरते.

आणि वाळू द्या, प्लीज वाळू द्या! माझ्या पहिल्याच वर्षी एका बाळाच्या बोरनहाणाचा मुकुट होता, रात्री अकराला पूर्ण झाला, सकाळी द्यायचा म्हणून मी तो लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेप लावली. आतली ओल आतच राहिली, सकाळी उघडलं तर काटे गेलेले आणि दाणे चिकट झालेले, त्या आईला फोन करताना मला रडू येत होतं. तेव्हापासून चिकटवलेली वस्तू पूर्ण एक दिवस उघडी ठेवल्याशिवाय मी डब्यात भरत नाही, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी असतेच. टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवते, नाहीतर एका रात्रीत मुंग्या.

बाळाच्या दागिन्याला टाचणी किंवा स्टेपलची पिन अजिबात नको. मुकुटाला आतून मऊ साटीन लावा, काटे कपाळाला टोचतात. वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण ४५-४६ सेंटीमीटर भरतं पण तरी आईकडून माप मागवा आणि मागे रिबन ठेवा म्हणजे कमी-जास्त करता येतं. बाळ सगळं तोंडात घालतं, दाणा घशात अडकू शकतो, शिवाय चिकटवलेला हलवा खायचा नसतोच, त्यामुळे बाळावरून नजर हटवू नका आणि फोटो झाले की लगेच काढा हे मी प्रत्येकीला सांगतेच.

बांगड्यांच्या मापात नवीन मुली हमखास फसतात. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार दशांश इंच नाही, २ इंच आणि वर इंचाचे १६ पैकी ४ भाग, म्हणजे सव्वादोन इंच. तयार प्लास्टिकची बांगडी घेऊन फक्त बाहेरच्या बाजूने हलवा लावा.

आता डिस्प्ले. विकतचे स्टँड सुरुवातीला घेऊच नका, खोक्याच्या पुठ्ठ्यातून गळ्याचा आकार कापून त्यावर काळं मखमल ताणून चिकटवा आणि मागे तिरका टेकू द्या. बोहरी आळीत मखमल, लेस, डबे सगळं मिळतं. पांढरा हलवा काळ्यावर उठून दिसतो आणि गिऱ्हाईकाला आपल्या काळ्या साडीवर कसा दिसेल तेही कळतं. हार सपाट ठेवू नका, खांद्यापाशी दोन टाचण्या लावून लोंबू द्या, कुठे वाकडा पडतोय ते तुम्हालाही तिथेच दिसेल. बांगड्यांना पुठ्ठ्याची नळी, मुकुटाला पालथं पातेलं. फोटो सकाळी खिडकीजवळ काढा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करा. फ्लॅश मारला की काटे दिसतच नाहीत, नुसता पांढरा ठिपका येतो आणि सगळी मेहनत त्या काट्यांचीच असते हो!

किंमत ठरवताना तास लिहून ठेवा. मी पहिली दोन वर्षं फक्त सामानाचे पैसे धरून वर थोडे लावायची, वहीत तास लिहायला लागल्यावर कळलं की एका सेटला माझे नऊ-दहा तास जातात.

डिस्प्लेचा सेट दरवर्षी नवीन लागतो, पावसाळ्यात जुन्या हलव्याला ओल येते. तो नोव्हेंबरमध्ये सगळ्यात आधी करा, हात पण बसतो आणि ऑर्डर घ्यायच्या आधी किती तास लागतात तेही कळतं.