पाचूची अंगठी मशीनमध्ये टाकू देऊ नका

सराफाकडे दागिने धुवायला दिले की तो बहुधा सगळेच अल्ट्रासोनिक मशीनमध्ये सोडतो. निर्मळ हिऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पाचूचं मात्र नुकसान होतं. पाचूत जन्मतःच बारीक चिरा असतात. फ्रेंच जव्हेरी त्या जाळ्याला कौतुकानं ‘जार्दँ’, म्हणजे बाग म्हणतात! बाजारातल्या बहुतेक पाचूंच्या चिरांत देवदाराचं तेल किंवा राळ भरलेली असते. मशीनच्या कंपनांनी, वाफेनं किंवा गरम पाण्यानं ती निघून जाते आणि कालपर्यंत न दिसणाऱ्या चिरा पांढुरक्या उठून दिसतात. कधी खडाच तडकतो.

म्हणून पाचू घरीच धुवा: कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश. भिजत घालू नका, लगेच पुसा. तेल गेलंच असेल तर जाणकार कारागीर ते पुन्हा भरून देतो.

डबीही वेगळी हवी. कठीणपणा मोजणाऱ्या मोहस मापावर पाचू साडेसात ते आठ, माणिक ९, हिरा १०. एकत्र ठेवलेत तर ओरखडे पाचूलाच.

नवा पाचू घेताना प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात तेल किती, हे आधी वाचा. किमतीत मोठा फरक पडतो.