ॲव्हरेज, अप-डाऊन आणि परभणीचं पेट्रोल : एका मेकॅनिकचा हिशेब

गॅरेजवर येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची एकच तक्रार : "गाडी ॲव्हरेज देत नाही." किती देते म्हणून विचारलं, की उत्तर येतं, "पहिल्यासारखी देत नाही." आता पहिली कशी देत होती हे त्यालाच माहीत नाही, तर मी काय दुरुस्त करणार? कारण आपल्याकडे पेट्रोल लिटरमध्ये कुणी भरतच नाही. "शंभरचं टाक", "दोनशेचं टाक" असाच कारभार.

तर आधी ॲव्हरेज काढा. टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप बंद पडेल तिथपर्यंतच. मीटरचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. चार-आठ दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, मग त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून पुन्हा फुल्ल करा. समजा मधे 350 किलोमीटर झाले आणि दुसऱ्यांदा 7 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 50. असं दोन-तीनदा करा, म्हणजे आकडा पक्का होतो. रिझर्व्ह ते रिझर्व्ह काढलेल्या ॲव्हरेजवर माझा विश्वास नाही.

भावाचं म्हणाल, तर तो आपल्या हातात नाही. परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, ही बातमी 2018 मध्ये होती आणि 2021 मध्येही होती. आपल्याकडे टँकर येतो मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून, तीनशेहून जास्त किलोमीटर. ते भाडं लिटरमागे आपल्याच डोक्यावर बसतं. त्यात 16 जून 2017 पासून भाव रोज सकाळी सहाला ठरायला लागले. म्हणून काही जण रुपया स्वस्त मिळतो म्हणत गावाच्या दुसऱ्या टोकाला जातात. 5 लिटरमागे 5 रुपये वाचले, पण जाऊन-येऊन 6 किलोमीटर पडले. 105 चा भाव धरला तर 50 च्या ॲव्हरेजने साडेबारा रुपये जळाले. मापाची शंका असेल तर मात्र गप्प बसू नका. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं 5 लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि ते मागून मोजून घ्यायचा हक्क गिऱ्हाईकाला आहे. 5 लिटरमागे 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर वैधमापनशास्त्र खात्याकडे तक्रार करा.

आता गाडीकडे या. मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने जोरात फिरवा. चाक मोकळं असेल तर दोन-चार फेरे सहज घेतं. अर्ध्या फेऱ्यात खर्र खर्र करून थांबलं, तर ब्रेक चिकटतोय. अशी गाडी म्हणजे दिवसभर ब्रेक दाबून चालवलेली गाडी, पेट्रोल प्यायचीच. कधी दोष ब्रेकचा नसून पायाचा असतो. कित्येकांचा उजवा पाय सारखा पेडलवर टेकलेला असतो. मागच्या गाडीवाल्याला विचारा, लाल दिवा पेटलेला दिसतो का. किंवा पाचेक किलोमीटर ब्रेक फारसा न मारता जाऊन या आणि ड्रमजवळ हात न्या. चटका बसण्याइतका तापलेला असेल तर कारण सापडलं.

चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करा, इंचभर हलली पाहिजे. सैल वाईट, तशी ताणलेलीही वाईट. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल चेनला लावायची आपल्याकडे फार हौस. त्यात काजळी आणि लोखंडाचा कीस असतो, धूळही चिकटते. 90 नंबरचं गिअर ऑइल लावा, जास्तीचं फडक्याने पुसून काढा.

हवा सकाळी चेक करा, गाडी थंड असताना. किती ते चेनकव्हरवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा जास्तच येतो, तो बघून हवा काढू नका. एअर फिल्टर फोमचा असेल तर धुता येतो. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. जिंतूर, गंगाखेडकडे रोज जाणाऱ्यांनी कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच बदलावा, इतकी धूळ आहे.

पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि गिऱ्हाईक सगळा दोष त्यावर ढकलतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, हे खरंच. पण नीती आयोगाच्या समितीने 2021 मध्ये जुन्या दुचाकींसाठी 3-4 टक्क्यांची घट सांगितली होती. 60 ची 58 झाली तर मी इथेनॉल म्हणेन. 60 ची 48 झाली तर गाडी गॅरेजवर आणा. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर तेवढं बघा. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते तळाला बसतं आणि सकाळी गाडी चालू होत नाही. ॲव्हरेज वाढवणाऱ्या गोळ्या आणि पाइपला लावायची चुंबकं घेऊ नका. त्या पैशात नवीन स्पार्क प्लग येतो.

चालवताना 45-50 चा वेग धरा, 80 ने पळवलेली गाडी नुसता वारा कापण्यात पेट्रोल घालवते. फाटक पडलं की इंजिन बंद. बस, यापलीकडे काही नाही.

पण खरं सांगू? रोज सेलूला किंवा गंगाखेडला अप-डाऊन करणाऱ्या मास्तरांचे पैसे माझ्या पान्याने वाचायचे नाहीत. जाऊन-येऊन 100 किलोमीटर धरा. 2 लिटर, 210 रुपये. महिन्याचे 24 दिवस धरले तर 5,040. टायर, चेन आणि कंबर वेगळी. रेल्वेचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास यातल्या तीन दिवसांच्या पेट्रोलात निघतो. मानवत रोड, सेलू, पूर्णा, गंगाखेड, सगळीकडे स्टेशन आहे. पास कुठल्या गाड्यांना चालतो ते खिडकीवर आधी विचारा, आणि रिझर्वेशनच्या डब्यात चढू नका. गाडी वेळेवर येईलच असं नाही, म्हणून शाळेच्या वेळेच्या आधीची गाडी पकडावी लागते. हा त्रास आहेच.

रेल्वे नसलेल्या जिंतूरसारख्या मार्गावर एसटीचा पास काढा : 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास. महिलांना 17 मार्च 2023 पासून तसंही अर्धंच तिकीट आहे, म्हणून बाईंनी सुटं तिकीट आणि पास दोन्हींचा हिशेब मांडून बघावा. आणि 75 च्या वरच्या आजोबांना मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याला नेऊ नका, एसटी त्यांना फुकट आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरचं सगळेच विचारतात. 100 किलोमीटरला साधारण 3-4 युनिट जातात, 12 रुपयांनी धरलं तरी 48 रुपये. मात्र घरचं बिल 100 युनिटच्या वर गेलं की दर उडी मारतो, ते बघून घ्या. कंपनी सांगते त्याच्या पाऊणपट रेंज धरा, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची हे कागदावर लिहून घ्या, आणि घरच्या बोर्डाला अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवा. गावातल्या गावात फिरणाऱ्याला परवडते. रोज जिंतूर गाठणाऱ्याने शाळेत चार्जिंगची सोय झाल्याशिवाय घेऊ नये.

तेही जमत नसेल तर एकाच शाळेचे दोघं मास्तर एका गाडीवर या. एक आठवडा तुमची गाडी, एक आठवडा त्यांची, पेट्रोल ज्याची गाडी त्याचं. मागच्या टायरची हवा मात्र दोघांच्या आकड्याने भरा, स्टिकरवर तो वेगळा दिलेला असतो. आणि हेल्मेट दोघांनाही.