रात्री झोप झाली नाही? दुसऱ्या दिवशीची भूक अशी सांभाळा

चार-पाच तासांच्या झोपेनंतर पोट भरलेलं असतानाही हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. हा मनाचा दुबळेपणा नाही. घ्रेलिन हे संप्रेरक भूक चाळवतं आणि लेप्टिन मेंदूला 'पुरे झालं' असं कळवतं. झोप तुटली की हा तोल ढळतो. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली १२ निरोगी तरुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तेव्हा दहा तासांच्या झोपेच्या तुलनेत त्यांचं लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं. ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची.

म्हणून दिवसाची आखणी सकाळीच करा. नाश्ता टाळू नका, पण नुसते पोहे किंवा चहा-टोस्ट यांवर भागवू नका. अकराच्या आत पुन्हा भूक लागते. दोन उकडलेली अंडी आणि कपभर दूध घेतलं तर १८-१९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडी खात नसाल तर ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (साधारण ११-१२ ग्रॅम) आणि वाटीभर दही घ्या. पोहे हवेच असतील तर निम्मे करा आणि उरलेल्या जागी उसळ वाढून घ्या.

चहाचा हिशेब नीट ठेवा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठतं, त्याने गुंगी येते. कॅफीन ते काढून टाकत नाही, फक्त त्याचा परिणाम काही काळ अडवतं. त्यातलं जवळपास निम्मं कॅफीन पाच-एक तासांनीही शरीरात उरतं. अकराला झोपायचं असेल तर शेवटचा कप दुपारी तीनपर्यंत घ्या. संध्याकाळी सहाचा कडक चहा पुढची रात्रही बिघडवतो, आणि मग हे चक्र आठवडाभर फिरतं.

दुपारी जेवणानंतर डोळे मिटायला लागले तर २० मिनिटं झोपा, तीनच्या आत, गजर लावून. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. डोळ्यांवर झोप असताना दुचाकी किंवा गाडी मात्र चालवू नका. इथे इच्छाशक्ती कामी येत नाही.

चार-पाचच्या सुमारास वडापाव, बिस्किटं खुणावतात. त्या वेळेसाठी मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे आणि ग्लासभर ताक आधीच जवळ ठेवा. भूक लागल्यावर शोधायला गेलात तर जे समोर दिसेल तेच खाल.

सगळ्यात जास्त खाणं वाढतं ते रात्री जेवणानंतर. जागरणात शरीर थोडी जास्त ऊर्जा खर्च करतं हे खरं, पण वरचं खाणं त्याहून बरंच जास्त होतं. आठपर्यंत भाकरी, वरण किंवा पिठलं आणि भाजी असं पोटभर जेवा, दात घासा आणि नेहमीपेक्षा तासभर आधी अंथरुणावर पडा. सकाळी मात्र रोजच्याच वेळेला उठा. दुपारपर्यंत लोळलात तर रात्री पुन्हा झोप येणार नाही.

मधुमेह असेल तर अशा दिवशी साखर जास्त दिसू शकते. गोळी किंवा इन्शुलिनचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका. सात-आठ तास झोपूनही रोज थकवा येत असेल, किंवा घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.